दोरीची मूठ

चाळीस वर्षं लाडकूबाई माहुलच्या धक्क्यावर टोपली घेऊन उभी राहिली. बाईने मासळी विकायची, होडीत पाय ठेवायचा नाही, हा घरचा रिवाज. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा, धर्माचा, उजवा हात लुळा पडला आणि इंजिनाची दोरी खेचायला कुणी उरलं नाही. तेव्हा ती पदर खोचून होडीत चढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन चालू व्हायचं. आपलं गाव पाण्यावरून कसं दिसतं, ते तिला साठी उलटल्यावर कळलं.

आज मिथुनने, तिच्या लेकाने, घाटकोपरच्या गॅरेजातून रजा काढून इंजिनाला सेल्फ बसवला. बटण दाबताच इंजिन घरघरलं. धर्मा लहान पोरासारखा हसला.

"आये, सुटलीस बघ तू!" दोरी काढून तिची मूठ आईच्या हातात देत मिथुन म्हणाला.

"आन् बॅटरी उतरली तं?"

"दुसरी ठेवलीय ना होडीत."

"खारं पानी लागून बटण बिघाडलं तं?"

"पाणी लागत नाय त्याला. किती घाबरतेस गं!"

"लय हाल झाले तुझे," धर्मा डाव्या हाताने बटण चाचपत म्हणाला. "आता धक्क्यावर निवांत बस."

ती होडीतून खाली उतरली. पहिल्याच बटणाला होडी सुटली.

धक्क्यावरच्या बायांनी थोडं सरकून तिला तिची जुनी जागा करून दिली.