पहिल्या पानावरचा खुनी

वाचनालयातून आणलेली कादंबरी उघडली आणि हेमलताबाईंचं डोकंच फिरलं. पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘खुनी डॉक्टर आहे.’

शेवटी भूत आणून हात झटकणारा लेखकही त्या एक वेळ सोसत. पण रहस्य आधीच फोडणारा वाचक त्यांच्या लेखी खुन्याहून वाईट. खोडून उपयोग नव्हता. मागे एका पुस्तकात खोडलं, तर पठ्ठ्याने पुन्हा लिहिलं.

या वेळी बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि त्याच वळणाचं अक्षर काढलं.

पुस्तक परत घेताना ग्रंथपाल चक्रावले. “अहो, इथे तर वकील, डॉक्टर, माळी, मोलकरीण, सगळेच खुनी!”

“आता ज्याला खरा हवाय, त्याने शेवटपर्यंत वाचावं,” बाई म्हणाल्या. “कपाटातल्या बाकीच्या रहस्यकथा काढा. पेन्सिल आणलीय मी.”