टक

नवी भाडेकरीण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. मागून हाक मारली तर मात्र ओ द्यायची नाही. आळीतल्या एका बारशाच्या दिवशी ती पाळणा म्हणणाऱ्या बायकांकडे तशीच बघत बसली, तेव्हा समोरच्या भिंतीशी बसलेल्या कुमुदकाकू शेजारणीला हळूच म्हणाल्या, "हिची नजर काही बरी दिसत नाही. बाळाला तीट लावा गं."

दुसऱ्या दिवशी बाळाला ताप भरला आणि आळीला कारण सापडलं. ती नळावर आली की बायका पोरांना पदराआड घेऊ लागल्या. तिच्या हळदीकुंकवाला कुणी फिरकलं नाही. आपण वेळीच ओळखलं, असं काकूंना वाटत राहिलं.

महिन्याभरात तिने खोली सोडली. मालक परगावी, म्हणून किल्ली द्यायला ती काकूंकडे आली. काकू पाठ फिरवून म्हणाल्या, "ठेव तिथे."

"काही म्हणालात? इकडे बघून बोला ना, काकू. दोन वर्षांपूर्वी माझे कान गेले. ओठांवरून बोलणं ओळखते मी."

काकू वळल्या. "अगं, मग हे आधी नाही का सांगायचंस?"

"बारशालाच सगळ्यांना सांगणार होते," ती म्हणाली. "तेवढ्यात समोर तुमचे ओठ हलताना दिसले."