उघडून बघू

शेवटचा बोल्ट निघाला तरी गिअरबॉक्सचं झाकण सुटेना. बाबांनी लाकडी हातोडीनं कडेकडेनं टकटक केली आणि दोन्ही हातांनी ते उचललं. काळपट तेल ट्रेमध्ये गळू लागलं. मुलगी शेजारी हाताची घडी घालून उभी होती. गॅरेज आता तिच्या नावावर होतं, पण बाबांना नको म्हणणं तिला अजून जमलं नव्हतं.

मशीन शाळेच्या मैदानाचं होतं, वर बसून गवत कापायचं. ते घेऊन आलेले मैदानवाले काका दाराजवळ स्टुलावर बसले होते. थंड असताना मशीन घोड्यासारखं पळतं, अर्ध्या तासात तापलं की चढावर धापा टाकतं, हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. गेल्या आठवड्यात तर ते चढावर थांबलं आणि काकांना घेऊन उलटं घरंगळत थेट कुंपणाच्या भिंतीवर गेलं. त्यांच्या कोपराला पट्टी होती. नशीब, पोरं वर्गात होती, एवढंच ते त्याबद्दल म्हणाले.

मुलीचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. हा गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर चालतो. आतला पंप झिजला की दाब धरत नाही. जुना काढा, नवा बसवा. कंपनीसुद्धा तो उघडू नका म्हणते. उघडायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बाबांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि नेहमीचंच उत्तर दिलं होतं, की उघडून बघू.

आता पंप बाहेर आला. त्याच्या गुळगुळीत तोंडावर गोल चरे पडले होते, नखाला लागतील एवढे खोल. तिचंच खरं ठरलं होतं. ती तसं बोलणार, एवढ्यात तिला तेल ओढून घेणारी जाळी दिसली. जाळीवर लगदा चिकटला होता. तिनं तो चिमट्यानं ओढला आणि रॉकेलमध्ये बुडवून काढला. निळे दोरे होते. बाबांच्या खांद्यावर फडकं होतं, त्याचेच.

गेल्या वर्षी हाच गिअरबॉक्स उघडून बाबांनी तेल बदललं होतं. तेव्हा आत राहिलेल्या दोऱ्यांनी तेलाची वाट अडवली होती आणि पंप वर्षभर अर्धपोटी राबून झिजला होता. तिनं दोरे मुठीत मिटले. बाबा चष्मा पुसत होते.

"काय सापडलं?" काकांनी विचारलं.

"झीज आहे, काका. मशीनचं वय झालं," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा लावला आणि तिच्यापुढे तळहात धरला. ती जराशी थांबली. मग तिनं मूठ उघडली. बाबांनी दोरे उजेडात धरून पाहिले, उठले आणि काकांसमोर जाऊन उभे राहिले.

"मशीनचं वय नाही झालं," ते म्हणाले. "माझ्या फडक्याचे दोरे आत राहिले, गेल्या वर्षी. तुम्ही भिंतीवर गेलात ते माझ्यामुळे."

काकांनी दोऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा हात आपसूक कोपरावर गेला. मग त्यांनी एवढंच विचारलं, की शनिवारी मुलांचे सामने आहेत, तोवर होईल का.

उद्याच होईल, मुलगी म्हणाली. आणि मग तिला सांगावंच लागलं, की नवा गिअरबॉक्स मागच्या खोलीत येऊन पडलाय. चार दिवसांपूर्वीच आलाय. बाबांना न विचारता मागवला होता.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "परवाच त्या खोक्याला ठेचकाळलो."

"मग तरी हा उघडलात?"

"का बिघडला ते कळायला नको?"

काका गेल्यावर तिनं खोकं ओढत आणलं आणि ठोकळ्यांवर चढवलेल्या मशीनखाली आडवी झाली. खाली अंधार होता. मग उजेड आला. बाबा गुडघे टेकून दिवा धरून बसले होते. तिथला प्रत्येक बोल्ट कितीचा, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

"कितीचा पाना देऊ?" त्यांनी विचारलं.