लाल तेवढाच पेटला

"तिन्ही दिव्यांचा करंट आवरायला मिळून एकच रेझिस्टर पुरे," असं म्हणून आजोबांनी हातातले बाकीचे परत डबीत ओतले.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर पारदर्शक प्लास्टिकची हातभर नळी, मुठीसाठी कापलेला पाइपचा तुकडा, तीन सेल, वायरींचं भेंडोळं आणि तीन एलईडी. मुठीशी लाल, मधे हिरवा, टोकाला निळा, अशी प्रकाशाची तलवार नातीला हवी होती. संध्याकाळी शाळेत वेशभूषा स्पर्धा होती आणि चंदेरी झगा सकाळपासूनच तिच्या अंगात होता.

आजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. दोघांचाही जन्म रेडिओच्या कारखान्यात गेलेला. ती बावीस वर्षं सोल्डरिंगच्या बाकावर, आजोबा तपासनीस. ती डाख द्यायची, ते शिक्का मारायचे.

"अहो, प्रत्येकाला वेगळा लागेल," ती म्हणाली. "लाल दोन व्होल्टला पेटतो. हिरव्या-निळ्याला तीन लागतात. एकावर तिघं बांधलेत तर सगळा करंट लालच ओढून घेईल."

"झालं! लागलं हिचं कीर्तन," आजोबांनी नातीकडे बघून डोळा मिचकावला. "अगं, तुझ्या हातचा माल पास कोण करायचं?"

"तुम्हीच. आणि गिऱ्हाइकाकडून परत आला की दुरुस्त कोण करायचं, तेही सांगा की पोरीला."

नात खिदळली. आजोबा काही हसले नाहीत.

तासाभराने त्यांनी बटण दाबलं. लाल पेटला, चांगला ऐटीत पेटला. हिरवा ढिम्म. निळा त्याहून ढिम्म. आजोबांनी सेल काढून पुसले, परत घातले, नळीला टिचक्या मारल्या, सगळे उपाय झाले.

"एलईडीच भिकार आहेत. हल्ली कशात दम म्हणून राहिला नाही," ते म्हणाले. नातीचा ओठ थरथरायला लागलेला पाहून पुढे म्हणाले, "तापलंय गं सगळं. जरा थंड होऊ दे." आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. पाचव्या मिनिटाला घोरू लागले. देव काही माणसांना झोप मोठ्या वेळेवर देतो.

मग आजी खुर्चीत बसली. पदराच्या टोकाने चष्मा पुसला आणि डबी वर्तमानपत्रावर पालथी केली.

"हा बघ. तपकिरी, हिरवा, तपकिरी. म्हणजे दीडशे. हा लालला. आणि हे दोन, करडा, लाल, काळा, ब्याऐंशीचे. हे या दोघांना."

"नुसत्या पट्ट्यांवरून कळतं तुला?"

"बावीस वर्षं दुसरं पाहिलंय काय मी? धर चिमटा. हलवू नकोस. आणि फुंकर मारायची नाही, आपला आपण निवू द्यायचा. फुंकर मारलेला डाख कच्चा राहतो."

नातीने श्वाससुद्धा रोखून धरला. धुराची बारीक रेघ दोघींच्या मधून वर गेली.

"आजी, लाल असा का गं वागतो?"

"त्याची भूकच थोडी. म्हणून त्याचं आधी भागतं, आणि मग तो दुसऱ्यांपर्यंत काही पोचू देत नाही. त्याचा दोष नाही बाळा, जातच ती. बांधणाऱ्याने बघायला हवं."

तिसरा डाख निवला. बटण दाबलं, आणि मुठीपासून टोकापर्यंत तिन्ही रंग उभे राहिले. नातीने आजीच्या गळ्यात हातच टाकले. "आजी, तू केलीस!"

इतके रेडिओ हातावेगळे केले, एकावरही आपलं नाव नव्हतं, याचं आजीला कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. या एवढ्याशा खेळण्याच्या वेळी तरी कुणीतरी आपलं नाव घ्यावं, असं फार वाटलं. वाटल्याची लाजही वाटली. तरी ती बोललीच.

"शाळेत कुणी विचारलं, तर सांगशील ना कुणी केली ते?"

"सांगणार म्हणजे काय! ओरडून सांगणार."

आजोबा उठून आले. तलवार उचलली, बटण दाबलं. "बघ! म्हटलं नव्हतं, थंड झाली की चालेल?"

आजीने उरलेले रेझिस्टर डबीत भरले. आता बोलणारी दुसरी होती.

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात दोघं मागच्या रांगेत बसले. नात स्टेजवर आली, दिवे मंद झाले, तलवार पेटली, आणि पोरांनी एकच गिल्ला केला. बाईंनी वाकून तिला काही विचारलं. आजी खुर्चीत पुढे सरकली. नात काहीतरी बोलली. बाई हसल्या, तिच्या गालाला हात लावून पुन्हा काही बोलल्या. मग तिने तलवार उचलली आणि मागच्या रांगेतल्या आजोबांकडे रोखली. सगळं सभागृह वळून टाळ्या वाजवू लागलं. आजोबांनी अर्धवट उठून, कॉलर नीट करून, दोन्ही हात जोडले.

घरी जाताना आजोबा चार पावलं पुढे, एका पालकाला वायरिंग समजावून देत होते. नात आजीचं बोट धरून चालत होती. मान खाली, तलवार विझलेली.

"बक्षीस मिळालं ना? मग तोंड का असं?" आजीने विचारलं.

"मी सांगितलं होतं, आजी," नात म्हणाली. "पहिल्यांदा आजीने केली असंच सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, आता खरं खरं सांग."