कोपऱ्याची परीक्षा

छत्री फट्कन उघडली. ढमी कुत्रीनं मान तिरकी करून छत्रीकडे पाहिलं आणि मोठ्ठी जांभई दिली.

"पास," मावशी म्हणाली.

मग स्टीलचं ताट फरशीवर आदळलं. ढमी ते चाटायलाच धावली.

"यातही पास. जरा जास्तच पास," जनावरांचे डॉक्टर हसले. त्यांनी तिचे खुबे दाबून पाहिले, छातीला नळी लावली. "श्वास मोकळा, सांधे घट्ट. हिच्या पणजीला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची."

भाची दाराशी उभी होती. ढमीला तिनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पण खरी परीक्षा पुढेच होती.

राखणीच्या कुत्र्यांचा हा जुना वाण कधीच नामशेष झाला होता. मावशीनं अर्धं आयुष्य घालून तो पुन्हा उभा केला. रूप जुन्या चित्रातलं, तब्येत ठणठणीत, स्वभाव लोण्यासारखा. फक्त एक खोड जाता जात नव्हती. या खोलीत, वजनकाटा आणि खिडकी यांच्यामधल्या रिकाम्या कोपऱ्याजवळ नेलं, की पिल्लू ताठरायचं. पाठीवरचे केस उभे, दात बाहेर. भाची जवळ असली तर तिच्यापुढे आडवं उभं राहायचं, तिला पाऊल टाकू द्यायचं नाही.

मावशीनं भिंत रंगवली, फरशी घासली, उंदराचं बीळ शोधलं. काही म्हणता काही नव्हतं. शेवटी तिनं नियमच केला: जास्त गुरगुरेल त्याची वीण बंद, कमी गुरगुरेल त्याचीच पिल्लं वाढवायची. पिढीगणिक गुरगुर उतरत गेली. ढमीची आई तर नुसती थरथरायची.

ढमी शेवटची. ती नापास झाली तर मावशी हे काम कायमचं थांबवणार होती आणि ढमीला परगावी कुणाला तरी देऊन टाकणार होती.

"मावशी, कोपरा राहू दे ना. तिथे कोण बसलंय?"

"कुणी नाही, म्हणूनच तर. रिकाम्या जागेवर चिडणारं कुत्रं लोकांच्या गळ्यात कसं मारू? तसा एक तुझा बाबा आहे आपल्याकडे, तेवढा पुरे."

डॉक्टर खुसखुसले. भाचीला हसू आलं नाही.

मावशीनं पट्टा सोडला.

ढमी हुंगत हुंगत निघाली. वजनकाट्याला वळसा घालून कोपऱ्यासमोर पोचली आणि थबकली. भाचीनं डोळे गच्च मिटून घेतले. गुरगुर ऐकू येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. आली नाही.

"बघ, बघ तरी वेडे," मावशी ओरडली.

ढमीची शेपटी हलत होती. कान मागे पडले होते. घरचं माणूस दिसावं तशी ती लाडानं अंग वळवत कोपऱ्यात शिरली.

"जिंकलीस गं बाई!" मावशीनं भाचीला दोन्ही हातांनी कवटाळलं. डॉक्टर स्टुलावर बसल्या बसल्या टाळ्या वाजवायला लागले.

मावशीच्या खांद्यावरून भाचीनं पाहिलं. ढमी उताणी पडली होती, चारी पाय वर. आणि तिच्या पोटावरचे दाट केस पाच बोटांच्या वाटांनी सावकाश दुभंगत होते, वरून खाली, पुन्हा वरून खाली.