घासलेला उंबरठा

बसा, ताइनान शहरातल्या जुन्या पेठेतली गोष्ट सांगतो. लियान-ह्वा म्हातारीचं उदबत्तीचं दुकान मोडकळीला आलेलं. जुन्या इमारती वाचवणाऱ्या संस्थेनं ते फुकट दुरुस्त करायला घेतलं. वाळवी लागलेला उंबरठा काढायला सुतार वाकला, तशी म्हातारी आडवी आली. “आजी, मधोमध खड्डा पडलाय की! उंबरठ्यावर पाय देऊ नये, एवढंही ठाऊक नाही?” सुतार म्हणाला. “मला शिकवतोस होय रे? आमच्या ह्यांचा पाय अधू, उचलतच नव्हता. चाळीस वर्षं तिथूनच घासत आत यायचे. आता तेवढंच उरलंय त्यांचं.” सुतारानं पहार बाजूला ठेवली. त्यानं वाळवीनं खाल्लेली टोकं कापली, नवं लाकूड सांधलं, खड्डा होता तसा ठेवला. म्हातारीनं चंदनी उदबत्त्यांची जुडी त्याच्या पिशवीत कोंबली. “माणूस घरातच ठेवलास रे!” तिकडं गेलात, तर पाय उचलून आत जा, बाबांनो, तो खड्डा म्हातारबांचाच राहू द्या.