काकांच्या खिशातले कान

आईने स्वस्तिक काढलं. सरळ, सुबक, आणि चारही घरांत एकेक ठिपका. लक्ष्मीपूजनाला काढते तस्संच.

"वहिनी, अहो तिरकं हवं!" नंदूकाका ओरडले. "आणि ठिपके कसले देताय? हिटलर आहे तो, सत्यनारायण नाही."

आई हसली. दंडावर बांधायची ती लाल सॅटिनची पट्टी तिने उलटी केली आणि पुन्हा मार्कर उघडला.

आखातात, अल दुहैलमधल्या एका शाळेचा दुसरी-बचा वर्ग त्या शुक्रवारी मराठी मंडळाची ग्रीनरूम झाला होता. बाकांवर पगड्या, खोट्या दाढ्या, प्लॅस्टिकच्या तलवारी. वेशभूषा स्पर्धेचा विषय होता 'जगातले थोर नेते'. सात शिवाजी महाराज आणि चार टिळक आधीच रांगेत होते, म्हणून काकांना वेगळं काहीतरी पाहिजे होतं. त्यांनी मुऐदर भागातल्या टेलरकडून छोटासा खाकी कोट शिवून घेतला होता. "साब, कौनसे स्कूल का युनिफॉर्म है?" टेलरने विचारलं होतं. घरी मात्र काकांनी सगळ्यांना 'सैनिक' एवढंच सांगून ठेवलं होतं. सरप्राइज!

वल्लरी पाण्याची बाटली घेऊन आत आली तेव्हा तिचा भाऊ अनय बाकावर बसून पाय हलवत होता. पहिलीतलं पोर. केसांचा भांग एका बाजूला चापून बसवलेला आणि नाकाखाली काजळाचा काळा चौकोन.

ती दारातच थांबली.

"अनय, पाणी?"

त्याने वर बघितलंच नाही. तिने त्याचे कान बघितले. दोन्ही रिकामे.

"याची कानातली मशिनं कुठायत?"

काकांनी शर्टाच्या खिशावर टिचकी मारली. "इथे. एकदम सेफ. अगं, दोन मिनिटांचा तर प्रश्न. मी विंगेतून मान हलवली की याने हात वर करायचा, घोटून घेतलंय मी. हिटलरच्या कानात मशीन बघितलंयस का कधी?"

"नाही बघितलं," वल्लरी म्हणाली. "का नाही बघितलं, सांगू?"

मागच्या वर्षीची वल्लरी असती तर बाटली ठेवून निघून गेली असती.

"झालं! नववीत गेली आणि मॅडम झाली." काका हसले. "अगं, शिस्त काय होती त्या माणसाची! मोडलेला देश उभा केला. आमच्या प्लांटवर असा एक पाहिजे."

"त्याने कायदा केला, काका. जन्मापासून ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना मूलच होऊ द्यायचं नाही. पकडून ऑपरेशन. आणि नावं कोण कळवायचं? त्यांच्या शाळेतले सर न् बाई! प्रोजेक्ट केलाय मी, चाळीस पानं वाचलीत."

"वल्लू, हळू," आई म्हणाली. "बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे! या खोलीत ऐकू येत नाहीये ते एकालाच, आणि तेसुद्धा तुम्ही काढून घेतलंय म्हणून!"

एका टिळकांची पगडी सरळ करणारी बाई थबकली. शिवाजी महाराज तोंड उघडं टाकून बघायला लागले.

"मुलांचा कार्यक्रम आहे," काकांचा आवाज चढला. "गंमत आहे. इथे कोण कोणाला मारायला निघालंय?"

"युद्ध सुरू झाल्यावर अपंग मुलांना दवाखान्यात न्यायचे. याच्याएवढ्या. चांगले उपचार करतो म्हणून. आईबापांनी विश्वासाने दिली, काका, स्वतःच्या हाताने! तिथे मारून टाकायचे आणि घरी खोटं पत्र. न्यूमोनियाने गेला." वल्लरी थांबली नाही. "आणि आपण याचे कान काढून खिशात ठेवायचे, कारण कोटावर बरे दिसत नाहीत? द्या ती मशिनं."

"कार्यक्रम झाला की देतो. मोठ्यांशी बोलायची ही पद्धत—"

"द्या."

तिने हात पुढे केला. तो तिने मागे घेतला नाही.

अनय एकदा ताईच्या तोंडाकडे बघत होता, एकदा काकांच्या. पाय हलायचे थांबले होते.

आईने मार्करला टोपण लावलं. दुसऱ्या बाजूचं तिरकं स्वस्तिक अर्धंच झालं होतं. पट्टीची गुंडाळी करून तिने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"भाऊजी," ती म्हणाली, "द्या ते इकडे."

काकांनी खिशात दोन बोटं घातली. पेनाबरोबर दोन निळी मशिनं बाहेर आली. त्यांनी ती वल्लरीच्या हातावर टाकली, सुटे पैसे टाकावेत तशी.

वल्लरीने आधी डावं बसवलं, मग उजवं. मशीन सुरू झाल्याची बारीकशी टिंग अनयला एकट्यालाच ऐकू येते. ती आली की तो डोळे मिचकावतो. आताही मिचकावले. तिने ओढणीने त्याच्या नाकाखालचा चौकोन पुसला. काजळ निघालं नाही. गालभर पसरलं.

"ताई, तू का भांडतेयस?" त्याने खणखणीत आवाजात विचारलं. "हिटलर कोण होता? चांगला होता का?"

वल्लरी काकांकडे वळली. अनयच्या दोन्ही खांद्यांना धरून तिने त्याला काकांसमोर उभं केलं.

"बारा नंबर!" मंडळाच्या संजीवनीकाकूंनी दारातून यादी हलवली. "यल्ला, चला, तुमचीच एन्ट्री आहे."

वल्लरीने अनयचे खांदे सोडले नाहीत.

"सांगा, काका," वल्लरी म्हणाली. "आता ऐकू येतंय त्याला."

अनय सवयीप्रमाणे काकांच्या ओठांकडे बघत राहिला.